चिमण्यांवर छर्रे झाडणारा पोरगा भारताचा ‘बर्डमॅन’ कसा झाला?

सलीम अली म्हटलं की गळ्यात दुर्बीण अडकवलेले, पांढऱ्या दाढीचे, किरकोळ अंगाचे एक आजोबा डोळ्यासमोर येतात. पण या माणसाच्या हातात दुर्बिणीच्या कितीतरी आधी बंदूक आली होती.

सलीम यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896चा, मुंबईतला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीच्या घरात भाचरांना वाढवलं. मामांना शिकारीची आवड, त्यामुळे पोराच्या हाती लवकरच छर्ऱ्याची एअरगन आली आणि आजूबाजूच्या चिमण्यांची काही खैर राहिली नाही.

घराच्या तबेल्यात भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत, नर बाहेर पहाऱ्यावर. सलीमने लपून नराला टिपलं. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणला. त्यालाही टिपलं, तर तिसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर पडले. पोराने हे सगळं वहीत लिहून ठेवलं, तेही आपल्या नेमबाजीचा पराक्रम म्हणून. नर गेला की त्याची जागा दुसरा लगेच घेतो, ही पक्ष्यांच्या वागण्याबद्दलची मोलाची नोंद आहे, हे त्याला फार उशिरा कळलं.

पुढे एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पिवळ्या गळ्याची रानचिमणी ओळखली आणि कपाटांचे खण उघडून दाखवले. आत भुसा-कापूस भरून जतन केलेले शेकडो पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. पोरगा बघतच राहिला.

आता प्रश्न असा की, एवढे पक्षी त्या खणांत आले कुठून?

तर तेही बंदुकीनेच. त्या काळी हलक्या दुर्बिणी, वेगवान कॅमेरे सहज मिळत नव्हते. पक्ष्याची जात पक्की करायची तर तो हातात घेऊन पंख, चोच मोजावी लागे. पण चिमणीएवढ्या पक्ष्यावर बदकाचं काडतूस झाडलं तर हातात नुसती पिसं येणार. म्हणून अनेक संग्राहक आपली काडतुसं स्वतःच भरत. नळकांड्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, त्यावर दारू, मग बूच, त्यावर मोहरीपेक्षाही बारीक छर्रे आणि शेवटी पुन्हा बूच. दारू कमी, छर्रे बारीक, म्हणजे पक्षी पडतो पण कातडी शाबूत राहते. सरडे-पाली गोळा करणारे प्राणिशास्त्रज्ञ तर असे छर्रे रिव्हॉल्व्हरमधूनही उडवत. रिव्हॉल्व्हरच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे छर्रे लगेच विखुरतात आणि मारा काही पावलांपुरताच राहतो. जवळच्या सरड्याला तेवढा पुरे.

सलीम अली याच परंपरेत शिकले. 1926मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते गाइड झाले. 1928मध्ये रजा घेऊन बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे गेले. तिथे पक्ष्याच्या पायात कडी घालून त्याला जिवंत सोडायचं तंत्रही पाहिलं. 1930मध्ये परत आले तर नोकरी गेलेली! पैशांची चणचण होती म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला.

घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अली आडोसा करून तासन् तास घरटी बघत बसले. दिसलं ते असं: घरटं नर विणतो. अर्धं झालं की माद्या येऊन ‘घर’ तपासतात. एखादीला पसंत पडलं की ती राहते, नर घरटं पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. 1931मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचं नाव झालं.

प्रश्न खेतवाडीच्या तबेल्यातलाच होता, नर-मादी आणि घरट्याचा. तिथे आठ नर मेले होते. किहीमला एकही गोळी लागली नाही आणि कळलं मात्र कितीतरी जास्त.

म्हणून त्यांनी बंदूक फेकून दिली का? नाही. हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांत त्यांनी बिनपगारी पक्षीगणना केली, फक्त मोहिमेचा खर्च घेतला. तिथेही नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागले. शास्त्रासाठी मोजके पक्षी घेणं त्यांना कधीच गैर वाटलं नाही. ते नमुने नसते, तर 1941चं त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक किंवा डिलन रिप्ली यांच्यासोबतचे दहा खंड उभे राहिले नसते.

त्यांचा विरोध होता तो बेसुमार कत्तलीला. राजस्थानातल्या भरतपूरला 1938मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले होते. तेच पाणथळ राखण्यासाठी सलीम अली पुढे वर्षानुवर्षं झगडले. 1959 नंतर तिथे हजारो पक्षी जाळ्यात धरून, पायात हलकी कडी घालून सोडण्यात आले. एखादा पक्षी दूरदेशी सापडला की कडीवरच्या क्रमांकावरून त्याचा प्रवास कळायचा. बंदुकीने हे कधीच कळलं नसतं, कारण त्यासाठी पक्षी उडत राहायला हवा. पुढे भरतपूर राष्ट्रीय उद्यान झालं.

1976मध्ये पद्मविभूषण, 1985मध्ये राज्यसभा. 1987मध्ये, वयाच्या नव्वदीत ते गेले. त्याआधी दोन वर्षं त्यांचं आत्मचरित्र आलं होतं. आयुष्यभरात हजारो पक्षी पाहिलेल्या या माणसाने पुस्तकाचं नाव ठेवलं ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे एका चिमणीचं पडणं.