एडविन आर्मस्ट्राँग : निर्मळ ध्वनीचा ध्यास

एफ. एम. ही दोन अक्षरे आज घराघरांत उच्चारली जातात. त्यांच्यामागे एका मनुष्याचे सबंध आयुष्य खर्ची पडले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या पृष्ठांवर आम्ही एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचे स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यू यॉर्क येथे झाला. आठव्या वर्षी झालेल्या गंभीर आजाराने शाळा दोन वर्षे सुटली आणि खांदा व मान यांना झटके येण्याची व्याधी जन्माची सोबतीण झाली. एकांतप्रिय झालेल्या या मुलाने याँकर्स येथील घराच्या अंगणात स्वतःच्या हातांनी १२५ फूट उंचीचा आकाशतारेचा खांब उभारला.

पुढे ते कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकू लागले. विद्यार्थिदशेतच, १९१२ साली, निर्वात नळीतून बाहेर पडणारा संदेश पुन्हा तिच्याच मुखाशी नेऊन तो कितीतरी पटींनी बलवान करण्याची युक्ती त्यांना सुचली. हाच पुनर्भरणाचा वेग आणखी वाढविला की नळी स्वतःच लहरी निर्माण करू लागते, म्हणजे ग्राहकाचा प्रक्षेपक होतो, हेही त्यांनी ताडले. पेटंटाच्या खर्चासाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. तेव्हा ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी निदान आराखड्यावर नोटरीची मोहर उमटवून घेतली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकावयास आले, हा योगायोग नोंदविल्यावाचून आम्हाला राहवत नाही.

याच शोधावरून ली डी फॉरेस्ट यांच्याशी जो खटला जुंपला, तो १९३४ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयात आर्मस्ट्राँग हरले. न्यायमूर्तींना त्यातील तांत्रिक मर्म उमगले नाही, असे बहुतेक अभियंत्यांचे मत होते. आमचेही तेच आहे. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधाबद्दल दिलेले पदक परत करण्यास ते स्वतः गेले, परंतु संस्थेने ते परत घेण्याचे साफ नाकारले.

दरम्यान पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, पॅरिस येथे सैन्यात असताना त्यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहक सिद्ध केला. परंतु त्यांना खरा छळ होता तो खरखरीचा. त्या काळी आवाजानुसार लहरीची उंची कमीजास्त केली जाई. वीज कडाडली की तीही लहरीची उंचीच बदलते. मग गाणे कोणते आणि गडगडाट कोणता, हे यंत्राने ओळखावे कसे? आर्मस्ट्राँग यांनी उंची स्थिर ठेवून लहरीची वारंवारताच आवाजाबरोबर हलविण्याचे ठरविले. त्यात काही लाभ नाही, असे गणिती जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये दाखविले होते. पण ते अरुंद पट्ट्याचे गणित होते. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा प्रशस्त केला.

येथे मोठी अडचण उभी राहिली. आवाजाने सहज हलणारा आंदोलक उष्णतेने आणि विजेच्या चढउतारानेही हलतो. केंद्र जागेवर राहत नाही. क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला आंदोलक अढळ राहतो, पण तो आवाजालाही दाद देत नाही. आर्मस्ट्राँग यांनी स्फटिकाला हातच लावला नाही. त्याच्या लहरीचा एक अंश बाजूला काढून त्यावर आवाज उमटविला, त्यास पाव आवर्तनाने सरकविले आणि मूळ लहरीत पुन्हा मिसळले. त्यामुळे लहर किंचित पुढेमागे झुलते. पाठ्यपुस्तकातील उदाहरण घ्यायचे तर २०० किलोहर्ट्झच्या लहरीवर हा झोका अवघा २५ हर्ट्झचा असतो; टप्प्याटप्प्याने तो सुमारे ३,००० पट केला की ७५ किलोहर्ट्झचा होतो. मूळ लहरही तितकीच चढून हाताबाहेर जाऊ नये म्हणून मध्येच दुसऱ्या स्फटिकाची लहर मिसळून तिला खाली आणावयाचे. म्हणजे पॅरिसमध्ये सुचलेली मिश्रणाची युक्ती येथे पुन्हा उपयोगी पडली.

२६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटे मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यू यॉर्कच्या सभेत अभियंत्यांनी याँकर्सहून आलेला ध्वनी ऐकला. पेल्यात ओतलेले पाणी पाण्यासारखे आणि फाडलेला कागद कागदासारखाच ऐकू आला. नंतर आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच्या पैशाने अल्पाइन येथे ४०० फुटांहून उंच मनोरा उभारला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपली पेटंटे सैन्यास विनामूल्य वापरू दिली.

१९४५ मध्ये सरकारने एफ. एम.चा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झकडे हलविला आणि लोकांनी घेतलेले सारे जुने ग्राहक निरुपयोगी झाले. आर. सी. ए. कंपनी स्वामित्वशुल्क देईना, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी दावा लावला. साक्षी-तपासण्या वर्षानुवर्षे लांबल्या. संपत्ती आटली आणि संसारही मोडला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. नोटरीच्या मोहरेला त्या दिवशी ४१ वर्षे होत होती.

पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. आर. सी. ए.ने त्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. इतर कंपन्यांवरील दावे त्या एकामागून एक जिंकत गेल्या. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये निकाली निघाला.