धुळीत काढलेलं रान

सणसवाडीत आपल्या शाळेत मी चित्रकला शिकवत असताना वर्गातला एक मुलगा फारसा बोलायचा नाही. वहीत मात्र सारखं रान काढायचा. त्याच्या मुंग्या माणसाएवढ्या असायच्या. मी ‘प्रमाण चुकलं’ असा शेरा मारून गुण कापले.

पुढे जिव्या सोमा मशे यांचं चरित्र वाचलं आणि तो मुलगा आठवला. जिव्यांचा जन्म १९३४ सालचा, वारली कुटुंबातला. सातव्या वर्षी आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. मनातलं सांगायचं झालं की ते धुळीत चित्र काढत. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर सवाशिणी लिहितात. ते पुरुषाचं काम नव्हे. जिव्यांनी ते हाती घेतलं आणि लग्नकार्य नसतानाही रोज काढू लागले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही कला गावाबाहेर नेली. जिव्यांनी ठिपके, रेघा, गोल आणि त्रिकोणांतून झाडं, मुंग्यांच्या रांगा, मासळीचं जाळं, तारप्याचा नाच कागदावर उतरवला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री मिळाली. तरी डहाणू तालुक्यातलं गंजाड त्यांनी सोडलं नाही. २०१८ साली ते गेले.

त्यांनाही कुणी माझ्यासारखा मास्तर भेटला असता तर?

तो विद्यार्थी मेळाव्याला आला असेल, तर त्याने मला जरूर भेटावं. बाळा, तुझ्या मुंग्या बरोबर होत्या. चूक माझ्या शेऱ्यात होती.