गिरणी कामगार मातांचा रक्तक्षय आणि डॉ. लुसी विल्स

अकाली प्रसूतीचा धोका वाढविणाऱ्या कारणांत गर्भवतीचा तीव्र रक्तक्षय हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. या रक्तक्षयाचा एक प्राणघातक प्रकार आहारातून टाळता येतो, हे दाखवून देणाऱ्या डॉ. लुसी विल्स यांच्या संशोधनाचा प्रारंभ मुंबईत झाला.

इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. पण त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. पुढे लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये मातामृत्यूंच्या चौकशीनिमित्त त्या परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या अनेक गर्भवतींना एका विचित्र रक्तक्षयाने ग्रासले होते. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, मात्र आकाराने फुगत. जंतुसंसर्गाचा संशय फोल ठरला. तेव्हा विल्स यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून या स्त्रिया काय खातात, याची बारकाईने नोंद घेतली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे व दूध जवळजवळ नसे, त्यांच्यातच हा आजार अधिक आढळला. रोगाचे मूळ दारिद्र्यात होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

तोच निकृष्ट आहार त्यांनी उंदरांना व पुढे माकडांना देऊन पाहिला. आजारी माकड यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या स्वस्त मार्माइटने, बरे झाले. रुग्ण स्त्रियांवरही हाच उपाय लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र उमगले नव्हते. ते 'विल्स घटक' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक अॅसिड ते हेच.

मायदेशी परतल्यावरही गर्भवतींचे आरोग्य हाच त्यांचा ध्यास राहिला. महायुद्धकाळात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या गर्भवतींना लोह देऊन पाहत होत्या. १९४४ मध्ये तेथे उडता बॉम्ब कोसळला आणि हे काम विस्कळीत झाले.

अविवाहित राहिलेल्या विल्स यांचे १६ एप्रिल १९६४ रोजी निधन झाले. भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देणारा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० मध्ये सुरू झाला.