‘मुकद्दिमा’चे कर्ते इब्न खल्दून



मोठमोठी राज्ये कशी उभी राहतात आणि काही पिढ्यांतच लयाला का जातात, या प्रश्नाचे उत्तर समाजाच्या रचनेत शोधणारे जे आरंभीचे विचारवंत होऊन गेले, त्यांत इब्न खल्दून यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. ग्रंथकर्त्याचे आयुष्य मात्र कधीच स्थिर नव्हते.

इब्न खल्दून यांचा जन्म २७ मे १३३२ रोजी ट्युनिस शहरी झाला. घराणे मूळचे स्पेनमधील सेव्हिलचे. घरात विद्येचे वातावरण होते. कुराणपठण, हदीस, फिकह, अरबी व्याकरण आणि तर्कशास्त्र यांचे शिक्षण त्यांना लहानपणापासून मिळाले. परंतु १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीत आईवडील व अनेक गुरुजन मरण पावले. ऐन सतराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा पोरका झाला. अभ्यास मात्र त्याने सोडला नाही.

पुढे ते दरबारी नोकरीत शिरले. फेजच्या सुलतानाला त्यांच्यावर कटाचा संशय आला आणि सुमारे २१ महिने त्यांना तुरुंगात काढावे लागले. १३६२ साली ते ग्रानाडाला गेले. तेथील सुलतानाचे वकील म्हणून ते सेव्हिलला राजा पेद्रो याच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांची मालमत्ता परत देण्याची तयारी राजाने दाखविली. अट एकच, त्यांनी तेथेच राहावे. ती त्यांनी नाकारली. त्यानंतरच्या दहा वर्षांत अनेक सुलतान आले व गेले आणि इब्न खल्दून यांनीही बाजू बदलल्या. त्याबद्दल त्यांना दोष देणारेही आहेत. पण सत्ता कशी मिळते व कशी निसटते, हे त्यांनी या काळात अगदी जवळून पाहिले.

१३७५ साली या धावपळीला कंटाळून ते आजच्या अल्जीरियातील कलअत इब्न सलामा या किल्ल्यात कुटुंबासह राहू लागले. तेथे १३७७ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘मुकद्दिमा’चा पहिला खर्डा पुरा केला. ‘मुकद्दिमा’ म्हणजे प्रस्तावना. आपल्या विस्तृत जागतिक इतिहासाची ही प्रस्तावनाच पुढे मूळ इतिहासापेक्षा अधिक प्रसिद्ध झाली.

वाचकहो, या ग्रंथात काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे ऐकीव माहिती पारखून घेण्याची शिकवण. हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक लोक होते, असे जुने इतिहासकार लिहीत. इब्न खल्दून विचारतात की, एवढे सैन्य रणांगणावर उभे केले तर एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणार कसे? आणि मोजक्या पिढ्यांत एवढी प्रजा वाढेल कशी?

दुसरी गोष्ट ‘असबिया’ची. असबिया म्हणजे एकमेकांसाठी उभे राहण्याची घट्ट एकजूट. कष्टात वाढलेले लोक या बळावर राज्य मिळवितात. पुढची पिढी सुखाला सोकावते आणि तिसरीला कष्टांची आठवणही राहत नाही. म्हणून राजघराण्याचे आयुष्य ते साधारण १२० वर्षांचे मानतात. उतरत्या काळात राजा कर वाढवीत जातो. पण लोकांची उमेद खचून शेती व व्यापार घटतात आणि खजिना अधिकच रिकामा होतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

आम्हां शिक्षकांना व आपणां पालकांना तर त्यांचे शिक्षणविषयक विचार आजही लागू पडतात. विषय तीन फेऱ्यांत शिकवावा: आधी ढोबळ रूपरेषा, मग तपशील, शेवटी अवघड प्रश्न. विद्येचे सार काढलेली छोटी पुस्तके पाठ करून ज्ञान मुरत नाही. गाईडवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मारझोडीत वाढलेले मूल शिक्षा चुकविण्यासाठी खोटे बोलू लागते आणि तीच त्याची सवय बनते, असेही त्यांनी बजावले आहे.

१३८२ मध्ये ते इजिप्तला गेले. कैरोत त्यांनी अध्यापन केले आणि काझीपद भूषविले. ट्युनिसहून निघालेले त्यांचे कुटुंब १३८४ साली जहाज फुटून बुडाले. एवढा घाव सोसूनही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १४०१ साली तैमूरने दमास्कसला वेढा घातला, तेव्हा सत्तरीकडे झुकलेले इब्न खल्दून दोरांच्या साहाय्याने तटावरून उतरून त्याला भेटायला गेले. १७ मार्च १४०६ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले.

तुर्कस्तानातील उस्मानी विद्वानांनी हा ग्रंथ आवडीने अभ्यासला. एकोणिसाव्या शतकात कैरो व पॅरिस येथे तो छापला गेला आणि १९५८ साली त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघाले.

मित्रांनो, ज्या सुलतानांच्या मर्जीसाठी त्या काळी माणसे झुरत होती, त्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत? किल्ल्यातल्या एकांतात लिहिलेला ग्रंथ मात्र जगभर वाचला जातो. संकटे इब्न खल्दून यांच्यावरही आली. त्यांनी त्यांचा अभ्यास केला. आपल्या मुलांच्या हाती पुस्तक देताना पालकांनी एवढे जरूर सांगावे की, वाचलेले पाठ करण्याआधी ते खरे कशावरून, हे विचारून पाहा.