सुरांचा चाकर : क्लाउदिओ मोन्तेवेर्दी

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोझार्ट, बीथोव्हेन अशी दोन-तीन नावे उभी राहतात आणि तिथेच आपले ज्ञान संपते. युरोपच्या इतिहासाचा पेपर अभ्यासताना प्रबोधनकाळाच्या प्रकरणात चित्रकार भेटतात, शिल्पकार भेटतात, परंतु गवई मात्र सहसा भेटत नाही. तो मला आमच्या ग्रंथालयातल्या एका जाड ज्ञानकोशात भेटला. गाणे मी नंतर मोबाइलवर ऐकले. आधी वाचला तो त्याच्या पगाराचा इतिहास, आणि खरे सांगायचे तर त्यानेच मी त्याच्याकडे ओढले गेले.

क्लाउदिओ मोन्तेवेर्दीचा जन्म १५६७ साली उत्तर इटलीतील क्रेमोना गावी झाला. हे गाव व्हायोलिन बनवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. बाप राजघराण्यातला नव्हे की गवयांच्या घराण्यातलाही नव्हे. औषधे विकावीत, किरकोळ शस्त्रक्रिया कराव्यात, असा त्याचा धंदा. तेथील मुख्य चर्चचे संगीतप्रमुख इंजेन्येरी यांच्याकडे पोराला तालीम मिळाली आणि पंधराव्या वर्षी, १५८२ साली, त्याच्या धार्मिक रचनांचे पहिले पुस्तक व्हेनिसला छापून निघाले. आपण पंधराव्या वर्षी काय करत होतो हे ज्याचे त्याने आठवून पाहावे!

१५९० च्या सुमारास तो मान्तुआच्या ड्यूककडे, विन्चेन्झो गोन्झागाच्या दरबारात, वादक म्हणून चाकरीला लागला. ड्यूक रसिक होता, खर्चिक होता आणि हौशीही होता. १५९५ साली तुर्कांशी लढायला तो हंगेरीत गेला, तेव्हा वादक-गायकही सोबत नेले. त्यांत मोन्तेवेर्दी होता. १५९९ मध्ये त्याने दरबारातीलच गायिका क्लाउदिया काट्टानेओ हिच्याशी लग्न केले. पतीचे नाव क्लाउदिओ, पत्नीचे क्लाउदिया!

याच काळात त्याची माद्रिगाल गाजू लागली. माद्रिगाल म्हणजे एखादी इटालियन कविता घेऊन ती बहुधा पाच आवाजांत बांधायची. आपल्या समूहगीतासारखे सगळे एकच चाल म्हणत नाहीत. प्रत्येक आवाजाची वाट निराळी, एक पुढे जातो, दुसरा मागून तेच शब्द उचलतो, आणि तरीही सगळ्यांचा मिळून एक मेळ साधतो. एका गायकाच्या आलापीवर वाढलेल्या आपल्या कानांना प्रथम गोंधळ वाटतो. तिसऱ्यांदा ऐकताना मला एकेक आवाज वेगळा ऐकू येऊ लागला.

१६०० साली बोलोन्याच्या आर्तुसी नावाच्या धर्मोपदेशक पंडिताने एक ग्रंथ काढून या रचनांवर टीकेची झोड उठवली. रचनाकाराचे नाव त्याने घेतले नाही, पण नमुने मोन्तेवेर्दीचेच दिले. त्यांत ‘क्रूदा अमारिल्ली’ हे माद्रिगाल होते. आक्षेप असा की, विसंवादी सूर पूर्वतयारीशिवाय एकदम येऊन आदळतात; हे शास्त्राविरुद्ध आहे. १६०५ सालच्या पाचव्या पुस्तकात मोन्तेवेर्दीने थोडक्यात उत्तर दिले आणि दोन वर्षांनी त्याच्या भावाने ते विस्ताराने मांडले. म्हणणे एवढेच की, जुन्या पद्धतीत सूर हा धनी आणि शब्द चाकर. आपल्या पद्धतीत शब्द धनी आहे, म्हणून शब्दात दुःख असेल तर सुरालाही बोचावे लागेल. मला हे पूर्ण पटते. यावर सविस्तर ग्रंथ लिहिण्याचे त्याने जाहीर केले होते. तो मात्र कधीच पुरा झाला नाही.

आता १६०७ साल. फेब्रुवारी महिन्यात मान्तुआच्या राजवाड्यात त्याचे ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाटक झाले. ऑपेरा हा प्रकार फ्लॉरेन्सच्या मंडळींनी काही वर्षे आधी सुरू केला होता, परंतु आजही वरचेवर रंगमंचावर येणाऱ्या ऑपेरांतला सर्वांत जुना हाच. कथा ग्रीक पुराणातली : ऑर्फेओची पत्नी लग्नाच्याच दिवशी साप चावून मरते, तो गाण्याच्या बळावर तिला मृत्युलोकातून परत आणू लागतो, मागे वळून पाहायचे नाही ही अट मोडतो आणि तिला कायमची गमावतो. त्याच वर्षी सप्टेंबरात मोन्तेवेर्दीची क्लाउदिया वारली. मागे दोन लहान मुलगे. तो क्रेमोनाला बापाच्या घरी होता; काही आठवड्यांतच दरबारातून बोलावणे आले. युवराजाचे लग्न आहे, नवा ऑपेरा हवा!

तो गेला. चाकर माणूस जाणार नाही तर काय करील? नव्या ऑपेराचे नाव ‘आरियान्ना’. प्रियकराने बेटावर टाकून दिलेल्या स्त्रीची ती गोष्ट. नायिकेची भूमिका कातेरीना मार्तिनेल्ली या तरुण गायिकेसाठी योजली होती. तालमी चालू असताना मार्च १६०८ मध्ये ती देवीच्या रोगाने गेली. ऐन वेळी विर्जिनिया आन्द्रेइनी नावाच्या अभिनेत्रीने ती भूमिका उचलली आणि मे महिन्यात प्रयोग पार पडला. आरियान्नाच्या विलापाने प्रेक्षागृहातल्या स्त्रियांचे डोळे पाणावले, असे त्यावेळच्या वृत्तांतात नमूद आहे. त्या विलापात क्लाउदिया किती आणि कातेरीना किती, हे कोण सांगणार?

त्यानंतर तो आजारी होऊन क्रेमोनाला परतला. बापाने ड्यूककडे अर्ज केला की मुलाला चाकरीतून मोकळे करावे. मोकळे केले नाही. पगार वाढवला आणि निवृत्तिवेतन मंजूर केले, जे वसूल करण्यासाठी तो जन्मभर पत्रे लिहीत राहिला. १६१० साली ‘व्हेस्पर्स’ हा भव्य धार्मिक संग्रह त्याने पोपला अर्पण केला. मुलाला रोमच्या धर्मविद्यालयात जागा मिळावी म्हणून खटपटही केली. ती फळाला आली नाही. १६१२ मध्ये ड्यूक वारला, आणि नव्या ड्यूकने काही महिन्यांतच त्याला काढून टाकले. एकवीस वर्षांच्या चाकरीनंतर हातात होते २५ स्कूदी!

पुढच्या वर्षी नशीब फिरले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चने परीक्षा घेऊन त्याला संगीतप्रमुख नेमले, ३०० ड्यूकॅट पगारावर; तीन वर्षांनी त्याचे ४०० झाले. (मान्तुआहून व्हेनिसला जाताना वाटमाऱ्यांनी त्याला लुबाडले, ते वेगळेच.) १६२० साली मान्तुआने पुन्हा गोड बोलून बोलावले, तेव्हा त्याने नकाराचे जे पत्र लिहिले ते त्याच्या शंभराहून अधिक उपलब्ध पत्रांत मला सर्वश्रेष्ठ वाटते. इथे पगार वेळेवर येतो, मान मिळतो, असे सांगून तो लिहितो की, आपल्याच हक्काचे पैसे मागायला खजिनदाराच्या दारी उभे राहण्याइतकी मानहानी आपण आयुष्यात दुसरी सोसली नाही. माझे वडील बाजार समितीत पोती वाहतात आणि शनिवारी दिवाणजीसमोर तिष्ठत उभे राहतात. दिवाणजींचा चहा होतो, हिशेब होतो, मग उरलेसुरले हातावर पडते. घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन माणसाचे पत्र समजायला मला टीपांची गरज पडली नाही.

व्हेनिसमध्येही सुख अखंड नव्हते. धाकटा मुलगा डॉक्टर झाला, पण बंदी असलेले पुस्तक वाचल्याबद्दल १६२७ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला पकडले. बापाला जामीन भरावा लागला. १६३० मध्ये सैन्याने मान्तुआ लुटले, पाठोपाठ प्लेग आला. १६३२ साली मोन्तेवेर्दीने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली.

गाडा इथे थांबला असता तर नवल नव्हते. परंतु १६३७ मध्ये व्हेनिसला पैसे देऊन कोणालाही बसता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले, आणि सत्तरीतला हा म्हातारा पुन्हा रंगभूमीकडे वळला. अखेरचा ‘पोप्पेआ’ १६४३ चा. यात देव-देवता नावालाच. रोमचा बादशहा नीरो आपल्या राणीला घालवून पोप्पेआला गादीवर बसवतो, सेनेकासारख्या तत्त्वज्ञाला मरायला लावतो, आणि शेवटी जिंकतात ते हेच दोघे! दरबारात जन्म काढलेल्या माणसाने दरबाराचे असे चित्र रंगवावे, यात मला काही अघटित वाटत नाही. शेवटचे सुंदर युगुलगीत मात्र त्याचेच असेल याची अभ्यासकांना खात्री नाही.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो वारला. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये त्याची समाधी आहे. नंतर जग त्याला विसरले. विसाव्या शतकात मालिपिएरो या संगीतकाराने त्याच्या समग्र रचना संपादून छापल्या, १९३७ मध्ये नादिया बूलांजे यांनी माद्रिगालांच्या तबकड्या काढल्या, आणि १९८४ साली रिनाल्दो आलेस्सान्द्रिनी यांनी ‘कॉन्चेर्तो इतालियानो’ हा गायकवृंद उभा केला. हे गायक इटालियन असल्याने शब्द चघळून, चव घेऊन गातात. शब्द धनी म्हणजे काय ते ऐकताना कळते. त्याचे तीनच ऑपेरा संपूर्ण उरले आहेत. ‘आरियान्ना’चा तो एक विलाप तेवढा सापडतो, बाकीचे सगळे संगीत हरवले.