वाचेचे स्थान शोधणारा पॉल ब्रोका

अर्धांगवायूचा झटका आलेली एखादी वृद्ध व्यक्ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. उजवा हात लुळा पडलेला, तोंड किंचित वाकडे झालेले आणि जिभेवर एखादाच शब्द शिल्लक राहिलेला. समाचारास आलेली मंडळी तिच्याशी न बोलता तिच्याविषयी बोलतात. तिच्यादेखतच औषधांचा खर्च आणि दुखण्याचा शेवट यांची चर्चा चालते. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. हा समज किती चुकीचा आहे हे एका फ्रेंच शस्त्रवैद्याने १८६१ साली एका दरिद्री रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून पाहिले. त्या वैद्याचे, पॉल ब्रोकाचे, चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

ब्रोकाचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहरापासून जवळच असलेल्या सेंत-फ्वा-ला-ग्रांद या लहानशा गावी झाला. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे. वडील गावचे वैद्य असून पूर्वी नेपोलियनच्या सैन्यात शस्त्रवैद्य होते. आई एका धर्मोपदेशकाची कन्या होती. मुलाची बुद्धी लहानपणापासून तल्लख. वयाच्या सतराव्या वर्षी वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो पॅरिसला गेला आणि १८४९ साली डॉक्टर झाला. कर्करोग, मुडदूस, स्नायूंचे विकार अशा अनेक विषयांवर त्याने तरुणपणीच मोलाचे संशोधन केले. परंतु तो सर्व तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही.

१८५९ साली त्याने अवघ्या १९ सभासदांसह पॅरिसमध्ये मानववंशशास्त्राची एक संस्था स्थापन केली. त्या काळी फ्रान्सवर तिसऱ्या नेपोलियनची सत्ता होती. मनुष्याच्या उत्पत्तीविषयी चार विद्वान एकत्र बसून बोलू लागले की त्यातून राजद्रोह आणि धर्मद्रोह उपजेल, अशी सरकारास धास्ती वाटे. म्हणून संस्थेच्या प्रत्येक सभेस साध्या वेषातील एक पोलीस हजर राहत असे. असे सांगतात की, एके दिवशी त्या बिचाऱ्याने आज काही विशेष बोलणे व्हायचे नसेल तर आपण जरा फिरून यावे काय, अशी पृच्छा केली. तेव्हा ब्रोकाने त्याला मुकाट्याने बसून आपला पगार हक्काने मिळविण्यास सांगितले! याच संस्थेच्या सभांतून पुढे तो प्रसिद्ध वाद पेटला.

वाद असा होता. मेंदू हा सबंध एकच अवयव आहे की त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे वाटून दिलेली आहेत? गाल नावाच्या एका वैद्याने पूर्वी दुसरे मत मांडले होते खरे. पण कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगण्याच्या त्याच्या छंदामुळे त्या मतास हस्तसामुद्रिकाची कळा आली होती. बुइयो नावाच्या वयोवृद्ध वैद्याने मात्र एक गोष्ट सोडली नाही. वाचेचे स्थान मेंदूच्या पुढील भागात, म्हणजे कपाळामागे आहे, असे तो आग्रहाने सांगे. मेंदूच्या पुढील भागास मोठी इजा होऊनही ज्याची वाचा शाबूत आहे असा रोगी दाखविणारास त्याने १८४८ साली ५०० फ्रँकचे बक्षीस लावले होते. ४ एप्रिल १८६१ रोजी बुइयोचा जावई ओबुर्तां हा ब्रोकाच्या संस्थेत बोलावयास उभा राहिला. वाचा गेलेला एखादा रोगी मरण पावला आणि त्याच्या मेंदूचा पुढील भाग निर्दोष आढळला, तर आपण हे मत कायमचे सोडून देऊ, अशी त्याने सर्वांसमक्ष प्रतिज्ञा केली.

योगायोग असा की, एका आठवड्यातच तसा रोगी ब्रोकाच्या पुढ्यात आला. पॅरिसच्या दक्षिणेस बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. वृद्ध, वेडे आणि निराधार पुरुष तेथे ठेवीत. त्या रुग्णालयात २१ वर्षे काढलेला लबॉर्न्य नावाचा ५१ वर्षांचा मनुष्य, उजव्या पायाचा दाह होऊन तो सडू लागल्यामुळे, ११ एप्रिल रोजी ब्रोकाच्या शस्त्रक्रियेच्या विभागात आणला गेला. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्याची वाचा गेली. त्यानंतर काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून एकच अक्षर निघे, तेही बहुधा दोनदा : तां, तां. त्यामुळे रुग्णालयात सर्वजण त्याला तां याच नावाने ओळखत. पुढे त्याचा उजवा हात निकामी झाला, मग उजवा पाय, आणि अखेरची सुमारे सात वर्षे तो अंथरुणालाच खिळून होता. शेजारच्या रोग्यांना तो मुळीच आवडत नसे. तो आपमतलबी आहे, दीर्घद्वेषी आहे, इतकेच काय पण चोरही आहे, असे ते म्हणत. त्याची बाजू मांडण्यास त्याच्यापाशी तां याखेरीज दुसरे काय होते?

ब्रोकाने जखम पाहिली आणि तो पुढे गेला नाही, ही आमच्या मते त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट. तो खाटेपाशी थांबला व त्याने त्या मनुष्यास प्रश्न विचारले. येथे येऊन किती वर्षे झाली, असे विचारताच लबॉर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखविले. एकवीस! उत्तर अगदी बरोबर होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मात्र आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला आणि त्याच्या तोंडून एक खणखणीत शपथ बाहेर पडली. घड्याळ दाखविले असता किती वाजले हेही त्याने सांगितले. ऐकू येत होते, समजत होते, जीभ व ओठ हलत होते. नेमके शब्द घडविण्याचे साधन तेवढे हरपले होते. संतापाच्या भरात निघालेल्या त्या शपथेचे नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याला पाणी मागता येत नाही अशा रोग्याच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीची आरती सुरात बाहेर पडते, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. पाठ झालेली वाणी आणि योजून बोललेली वाणी यांचे मार्ग काहीसे वेगळे असतात. याच तत्त्वावर १९७३ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी गाण्याच्या साहाय्याने बोलणे शिकविण्याची एक उपचारपद्धती पुढे आली.

ब्रोकाने ओबुर्तां यासही मुद्दाम बोलावून रोगी दाखविला. १७ एप्रिल रोजी लबॉर्न्य मरण पावला. शवविच्छेदन झाले आणि १८ एप्रिल रोजी त्याचा मेंदू संस्थेच्या सभेत सर्वांपुढे ठेवण्यात आला. डाव्या बाजूच्या पुढील भागात, तिसऱ्या वळीच्या ठिकाणी, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी पडलेली होती.

एका दाखल्यावर ब्रोका थांबला नाही. त्याच वर्षी लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा एक वृद्ध मांडीचे हाड मोडून बिसेत्र येथेच त्याच्याकडे आला. त्याच्यापाशी पाचच शब्द उरले होते : होय, नाही, तीन, नेहमी, आणि स्वतःचे नाव, तेही अपुरे. कोणताही आकडा सांगावयाचा झाला की तो तीन म्हणे, परंतु बोटांनी मात्र अचूक संख्या दाखवी. त्याच्याही मेंदूत इजेची जागा तीच निघाली. पुढे एकामागून एक रोगी पाहता इजा बहुतेक डाव्या बाजूसच आढळते, हे ब्रोकाच्या ध्यानात आले. मनुष्य मेंदूच्या डाव्या अर्धाने बोलतो, असे त्याने १८६५ साली जाहीर केले. न्यायाच्या दृष्टीने येथे सांगितले पाहिजे की, मार्क दाक्स या वैद्याने १८३६ साली हीच गोष्ट एका निबंधात लिहून ठेवली होती. परंतु तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८६५ मध्येच, छापून निघाला. या विकारास आज रूढ असलेले अफेजिया हे नाव ब्रोकाचे नव्हे. ते १८६४ साली त्रुसो याने दिले.

ब्रोकाचे आणखी एक कार्य फारसे कोणास ठाऊक नसते. डावा भाग गेला तर उजव्या भागास शिकविता येणार नाही काय, असा विचार त्याने केला. आई जशी न कंटाळता लहान मुलास बोलावयास शिकविते, तशी चिकाटी या रोग्यांना शिकविताना पाहिजे, असे त्याचे मत होते. एका रोग्यास त्याने स्वतः वाचन शिकविण्याचा प्रयत्न केला. रोगी मुळाक्षरे शिकला; पण अक्षरे जोडून लांब शब्द वाचणे त्यास साधेना. पुढे तो काही शब्द एखादा ओळखीचा चेहरा ओळखावा तसे त्यांच्या एकंदर आकृतीवरून ओळखू लागला. यश थोडेच आले; परंतु वाचेच्या आणि वाचनाच्या विकारांवर धडे देऊन उपचार करणाऱ्या आजच्या विद्येची एक पाऊलवाट येथून निघते. आपल्या देशात या विद्येसाठी १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली.

ब्रोकाच्या चुकाही लपविण्याचे कारण नाही. कवट्या मोजणे आणि मेंदू तोलणे यांत त्याने आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. आणि त्या वजनमापांवरून स्त्रिया पुरुषांपेक्षा व इतर वंश युरोपीयांपेक्षा बुद्धीने उणे ठरतात, असे अनुमान काढले. ते अनुमान पुढे सर्वस्वी खोटे ठरले. ज्याने एका निःशब्द मनुष्याची बुद्धी त्याच्या बोटांवरून ओळखली, त्यानेच कोट्यवधी माणसांची बुद्धी तराजूत घालावी, याचे आम्हास फार वाईट वाटते. त्याच्या मुख्य शोधातही पुढे भर पडली. लबॉर्न्यचा मेंदू ब्रोकाने कापला नव्हता, जसाच्या तसा जतन केला होता; म्हणून २००७ साली नव्या यंत्रांनी त्याची आतून छायाचित्रे घेता आली. इजा ब्रोकास वाटली त्याहून पुष्कळ खोल गेलेली आढळली. भाषा एकाच कोपऱ्यात राहत नसून दूरदूरचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यावर चालते, असे आता मानतात. तरीही मेंदूच्या त्या भागास अद्याप ब्रोकाचेच नाव आहे.

१८८० साली ब्रोका फ्रान्सच्या वरिष्ठ सभागृहाचा तहहयात सभासद झाला. परंतु तो मान त्यास फार दिवस लाभला नाही. त्याच वर्षी ९ जुलै रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तो मरण पावला. त्याचा स्वतःचा मेंदूही पॅरिसमध्ये जतन करण्यात आला.

लबॉर्न्य मात्र वैद्यकाच्या पुस्तकांतून दीडशे वर्षे तां म्हणूनच वावरला. २०१३ साली पोलंडमधील एका इतिहाससंशोधकाने जुनी दप्तरे शोधून त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे संपूर्ण नाव लुई व्हिक्टर लबॉर्न्य. जन्म १८०९ चा, मोरे या गावचा. धंदा, चांभार ज्यांवर जोडे बेततात ते लाकडी ठोकळे घडविण्याचा. मोरे या गावी कातडी कमावण्यासाठी झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्या सालीस फ्रेंच भाषेत तां म्हणतात.