केशवराव भोसले

केशवराव भोसले (९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर – ४ ऑक्टोबर १९२१, पुणे) हे मराठी संगीत रंगभूमीवरील ख्यातनाम गायक-अभिनेते आणि ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीचे संस्थापक होते. अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी बालनट, स्त्रीपार्टी, नायक आणि मंडळीचे मालक असा प्रवास केला.

बालपण

पित्याचे छत्र लवकर हरपल्यामुळे घरची परिस्थिती हलाखीची झाली. त्यामुळे केशवराव लहान वयातच ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले. नाटक मंडळी हीच त्यांची शाळा ठरली. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या बाला-जरठ विवाहावरील नाटकात त्यांनी केलेली शारदेची भूमिका लोकप्रिय झाली.

गायन

केशवरावांना ग्वाल्हेर घराण्याचे गायक रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. त्या काळी ध्वनिवर्धक नसल्याने नटाला शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचवावा लागे. चढा, दमदार आवाज आणि वेगवान ताना ही केशवरावांच्या गायकीची वैशिष्ट्ये होती. बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीहून ती वेगळी असल्याने दोघांचे स्वतंत्र चाहते निर्माण झाले.

ललितकलादर्श

१९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली. केवळ पौराणिक नाटकांवर अवलंबून न राहता त्यांनी नव्या लेखकांना संधी दिली. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’, तसेच मामा वरेरकर यांची हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ (१९१६) आणि धर्मांतराच्या प्रश्नावरील ‘संन्याशाचा संसार’ (१९१९) ही नाटके मंडळीने रंगभूमीवर आणली. पुढे केशवरावांनी स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिका स्वीकारल्या. स्त्रीपार्टी म्हणून नाव मिळविलेल्या नटासाठी हा बदल धोक्याचा होता. तथापि नायक म्हणूनही प्रेक्षकांनी त्यांना स्वीकारले.

संयुक्त मानापमान

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. ‘ललितकलादर्श’ आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्यासाठी एकत्र आल्या. केशवरावांनी धैर्यधराची, तर बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. दोन भिन्न गायकी एकाच रंगमंचावर ऐकण्याच्या ओढीने महाग तिकिटे काढूनही प्रेक्षकांनी गर्दी केली. या प्रयोगापाठोपाठ दोघांनी ‘संगीत सौभद्र’चाही संयुक्त प्रयोग केला.

मृत्यू आणि वारसा

या यशानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे विषमज्वराने पुणे येथे निधन झाले. कर्त्या नटाच्या मृत्यूनंतर अनेक मंडळ्या मोडत असत. ‘ललितकलादर्श’ मात्र टिकली. बापूराव पेंढारकर यांनी तिची धुरा वाहिली आणि पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती परंपरा चालविली.

कोल्हापूर येथे शाहू महाराजांच्या काळात बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, लागलेल्या आगीत या नाट्यगृहाची मोठी हानी झाली.